परत येणे म्हणजे हरणे नव्हे

खेळ म्हटला की कोणीतरी जिंकणार आणि कोणीतरी हरणार, हे आपण धरूनच चालतो. कबड्डी असो, बुद्धिबळ असो की मे महिन्याच्या सुट्टीत ओटीवर मांडलेला सोंगट्यांचा पट असो, एक बाजू वर आणि दुसरी खाली झाल्याशिवाय डाव मिटत नाही. पण सगळे खेळणारे एकाच बाजूचे, समोर बसलेला माणूस शत्रू नाही आणि डाव जिंकल्याची घोषणा कधी होतच नाही, असाही एक खेळ जगात आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ तो खेळला जात आहे. आमच्या बुरोंडीत तो आला एका वादळाच्या मागोमाग, आणि त्यातल्या एका प्रसंगाने आमच्या घरातल्या खऱ्याखुऱ्या पेचाची गाठ सैल केली. तो अनुभव वाचक बंधू-भगिनींना सांगावा म्हणून हे लिहीत आहे.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. डंजन म्हणजे भुयार किंवा तळघर, आणि ड्रॅगन म्हणजे पंख असलेला, आग ओकणारा गोष्टीतला अजस्र सरपटणारा प्राणी. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी हा खेळ रचून १९७४ साली प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तिकडे टेबलावर लहान लहान सैनिक मांडून लढाया खेळणारी हौशी मंडळी होती. त्यात खेळणारा हा सेनापती, त्याच्या हाताखाली सगळी फौज. या दोघांनी फौज काढून टाकली आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकच माणूस दिला. त्या माणसाचे नाव, गुण, दोष, जखमा, झोळीतले सामान, सगळे एका कागदावर लिहायचे आणि त्याच्या जागी आपण आहोत असे समजून बोलायचे. पहिल्या खेपेला खोक्यात तीन पातळ पुस्तिका घालून हजार प्रती काढल्या होत्या. पुढे तो जगभर पसरला.

मंडळींपैकी एकजण सूत्रधार होतो. तो सांगतो, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात, आतून धूर येतो आहे, काय करता?" बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. उत्तराला बंधन नाही. लढा, लपा, बोला, मागे फिरा. जे करायचे ते जमेल की नाही अशी शंका असेल तेव्हा वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला तर जमले, लहान आला तर बिनसले.

फासा आणि जादू हे दोन शब्द ऐकून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. माझ्याही पडली होती. पण या फाशावर पैसा लागत नाही. आणि यातली जादू ही कागदावरच्या आकड्यांची. कोणी तिला नवस बोलत नाही की अंगारा लावत नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या काही धार्मिक गटांनी 'या खेळातून सैतानाची पूजा होते' असा ओरडा केला होता. तो ओरडा विरला, खेळ राहिला. आमच्या घरात तर पहिल्याच दिवशी वाद झाला. मला जे पात्र मिळाले ते देवाच्या कृपेने जखमा भरून काढणारे होते. मी म्हटले, "मला हे पटायचे नाही." मग माझ्या पुतण्याने मला वैद्यबाई केले. हात लावला की रक्त थांबते, कारण बाईला विद्या येते. इतके मला चालले.

आता हे सगळे बुरोंडीत कसे आले ते सांगते. बुरोंडी हे दापोली तालुक्यातले समुद्रकाठचे मासेमारीचे गाव. मी तिथे अंगणवाडी सेविका आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मे महिन्यात मुंबई-पुण्याची माणसे पास काढून गावाकडे परतू लागली. आमच्याकडे वहिनी दोन मुलांना घेऊन आली. मोठा पुतण्या पुण्यात इंजिनीअरिंगला, पुतणी नववीत. माझ्या बहिणीने आपला सहावीतला मुलगाही त्यांच्याबरोबर पाठवला. चौदा दिवस शाळेच्या खोलीत काढून सगळी घरात आली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ आले. ते श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर चढले. रत्नागिरी जिल्ह्यात त्याचा सर्वांत मोठा तडाखा दापोली आणि मंडणगड या तालुक्यांना बसला. आमच्या वाडीतली कौले पत्त्यांसारखी उडाली. पोफळी कमरेत मोडल्या, आंबा आणि फणस मुळासकट आडवे झाले. विजेचे खांब शेतात झोपले.

त्यानंतर आमच्या वाडीत तीन आठवड्यांवर वीज नव्हती. मोबाईल बंद, दूरदर्शन बंद, पंप बंद. दिवसभर विहिरीचे पाणी शेंदायचे, छपरावर ताडपत्री ओढायची, माझ्यामागे तर घरोघरच्या पाहणीचे कामही होते. संध्याकाळी सातला काळोख व्हायचा आणि पाऊस सुरू झाला की मुलांनी करायचे काय, हा प्रश्न पडायचा. तेव्हा पुतण्याने बॅगेतून एक जाड पुस्तक आणि फाशांची पिशवी काढली. चार बाजूंचा, सहा बाजूंचा, आठचा, दहाचे दोन, बाराचा आणि वीसचा, असे सात फासे. कंदील मध्ये ठेवला आणि आम्ही चौघे त्याच्याभोवती बसलो.

पुतणी योद्धा झाली. मी वैद्यबाई. भाचा जादूगार. आणि आमचे आबा, तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचे, चोर झाले. उभ्या जन्मात ज्यांनी दुसऱ्याच्या झाडाखालचा पडलेला आंबा उचलला नाही, ते चोर. वहिनी चुलीपाशी बसून हसायची. "कुलपं उघडायला कोणीतरी लागतोच की," आबा म्हणाले.

दहा रात्री खेळ छान चालला. आम्ही पडक्या किल्ल्याच्या वरच्या मजल्यांतून हिंडलो. सहाव्या रात्री गॉब्लिन नावाच्या बुटक्या लुटारूंशी गाठ पडली. ते शरण आले तेव्हा त्यांची पोरेबाळे बघून पुतणीने त्यांना सोडून दिले. त्यांच्या पेटीत एक सोन्याचा पेला मिळाला तो आबांच्या झोळीत गेला. आठव्या रात्री पुतणीला रुपेरी मुठीची एक तलवार सापडली. कागदावरचीच तलवार, पण तिचे चित्र काढून तिने ते उशाशी ठेवले होते.

अकराव्या रात्री खाली उतरणारी वाट लागली. सूत्रधाराने सांगितले, "भिंत हाताला गरम लागते आहे. वाटेत जळालेली हाडे आहेत." पुतणी थबकली. भाचा म्हणाला, "आत जाऊ या." आणि गेलो. आत सोन्याच्या ढिगावर लाल ड्रॅगन झोपला होता. आम्ही पाहत असतानाच त्याने एक डोळा उघडला.

ज्यांना आकड्यांची आवड आहे त्यांच्यासाठी हिशेब मांडते. पात्राच्या अंगात किती दम आहे याचा एक आकडा असतो. आम्ही त्याला 'जीव' म्हणायचो. पुतणीचे जीव २८, माझे २४, आबांचे २१, भाच्याचे १७. चौघांचे मिळून ९०. पुस्तकातल्या पूर्ण वाढलेल्या लाल ड्रॅगनचे जीव २५६. त्याच्या कातडीतून आमचा वार आत जायचा तर फाशावर चौदा किंवा वर हवे, म्हणजे वीस फेकींत सरासरी सात. वार बसलाच तरी सात-आठ जीव कमी होणार. चौघांचा प्रत्येक वार बसला असे धरले तरी त्याला पाडायला आठ-नऊ फेऱ्या. आणि त्याची आगीची एक फुंकर सरासरी ६३ जीव घेते. वेळेत अंग चोरले तर निम्मे, म्हणजे ३१. आमच्यातल्या सर्वांत दणकट गड्याचे जीव २८. अंग चोरून वाचायचीही सोय नव्हती. ही लढाई कागदावरच हरलेली होती.

तरीही असा प्रसंग खेळात ठेवणे ही काही सूत्रधाराची दुष्टाई नव्हे. खुद्द गायगॅक्स यांनी १९७५ साली एका स्पर्धेसाठी 'टूम ऑफ हॉरर्स' नावाचे एक भुयार रचले होते, ते १९७८ मध्ये छापून आले. मुरलेल्या खेळाडूंची पात्रे त्यात धडाधड मरतात म्हणून ते प्रसिद्ध आहे. तिथे तलवारीचा उपयोग थोडा. दार उघडण्याआधी थांबून विचार करणारा पुढे जातो. म्हणजे हा खेळ रचणाऱ्यांच्या मनातच होते की, समोर येईल ते मारायचेच असते असे नाही.

ड्रॅगन बोलला. पुतण्या आवाज जाड करून म्हणाला, "माझा पेला कुठे आहे?" आम्ही काही बोलायच्या आत भाच्याने अग्निबाण सोडला. फाशावर चार आले. बाण भिंतीला लागला. ड्रॅगनने नुसती शेपटी फिरवली, १९ जीव गेले आणि सतरा जिवांचा आमचा जादूगार खाली कोसळला.

इथे एक नियम सांगितला पाहिजे. जीव शून्यावर आले म्हणून पात्र लगेच मरत नाही. आपली पाळी आली की वीसचा फासा टाकायचा. दहा किंवा वर आले तर एक खूण जगण्याच्या बाजूला, कमी आले तर एक खूण मरणाच्या बाजूला. तीन खुणा ज्या बाजूला आधी होतील तसा निकाल. भाच्याने फासा टाकला. सहा आले. मरणाच्या बाजूला एक खूण झाली. कंदिलाच्या उजेडात त्याचे डोळे भरलेले दिसत होते.

पुतणी म्हणाली, "मी धावून जाते त्याच्यावर." आबा म्हणाले, "थांब गं. आधी सांग, आपल्याला हवंय काय?"

"त्याला मारायचं."

"ते होणारं नाही, आत्ताच हिशेब केलास. दुसरं सांग."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आपल्याला चौघांना बाहेर पडायचं आहे."

"हां. आता त्याला काय हवंय ते बघू." असे म्हणून आबांनी, म्हणजे त्यांच्या चोराने, झोळीतून सोन्याचा पेला काढून जमिनीवर ठेवला आणि दोन पावले मागे सरकले.

ड्रॅगन थांबला. मग त्याने विचारले, "हा नेला कोणी? नाव सांगा. नाव सांगितलंत तर तुम्हाला सोडीन." वाट उघडी झाली होती. नाव आम्हाला ठाऊक होते. भाचा कुजबुजला, "आबा, गॉब्लिनांचं सांगा ना!" पुतण्या म्हणाला, "बेशुद्ध माणूस बोलत नाही." सगळे हसले, पण आबा हसले नाहीत. ते म्हणाले, "ज्याने नेला त्याने नेला. पेला आम्ही परत आणलाय. नाव मिळणार नाही."

पुतण्या गोंधळून आबांकडे पाहत राहिला. त्याने मला नंतर सांगितले की, सुटकेची वाट म्हणून त्याने तीच ठेवली होती. आबांनी ती नाकारल्यावर काय करायचे हे त्यालाही ठाऊक नव्हते. त्याने आबांना फासा टाकायला सांगितला. त्यांच्या वाक्चातुर्याचे चार धरून पंधरा व्हायला हवे होते. फाशावर नऊ आले. तेरा झाले, दोन कमी पडले.

ड्रॅगन म्हणाला, "मग किंमत द्या. तुमच्याजवळ आहे ते सगळं, आणि हा पडलेला पोर."

"पहिलं कबूल," आबा म्हणाले. "दुसरं नाही."

आम्ही झोळ्या रिकाम्या करू लागलो. दहा रात्रींत मिळवलेली नाणी, मौल्यवान खडे, माझ्या औषधांच्या कुप्या. एकेक वस्तू कागदावर खोडायची आणि सूत्रधाराला सांगायची. मधल्या वेळात भाच्याची पाळी येत होती. दुसऱ्या फेकीला तेरा, जगण्याच्या बाजूला एक. तिसऱ्या फेकीला तीन. मरणाच्या बाजूला दोन खुणा झाल्या. आणखी एक पडली की खेळ संपला.

माझी पाळी आली. माझ्याकडे दोन उपाय होते. एका उपायाने तो शुद्धीवर येऊन थोडे जीव परत मिळाले असते. दुसऱ्याने फक्त मरण थांबले असते, तो तसाच पडून राहिला असता. दोन्हीला त्याच्याजवळ जाऊन हात लावायला हवा, आणि तो ड्रॅगनच्या तोंडाखाली पडलेला. मी चालत गेले आणि सांगितले, "मी त्याला उठवत नाही. नुसतं थांबवते." भाचा रागावला. "मावशी, मला उठव ना!" पण उठलेल्या जादूगाराने पुन्हा बाण सोडला असता, आणि ड्रॅगनची नजर पुन्हा त्याच्यावर गेली असती. पडलेल्याला कोणी दुसऱ्यांदा मारीत नाही, एवढ्या भरवशावर मी तो उपाय केला.

शेवटी राहिली तलवार. पुतणीने कागदाकडे पाहिले, कंदिलाकडे पाहिले. बाहेर पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. कोणी तिला दे म्हणाले नाही. तिने पेन्सिल घेऊन तलवार हा शब्द खोडला. मग पुतण्या म्हणाला, "एवढी किंमत दिलीत म्हणून आता दोन फासे टाक, मोठा असेल तो धर." हाही पुस्तकातलाच नियम. एकावर आठ आले, दुसऱ्यावर सोळा. ड्रॅगनने शेपटी ढिगाभोवती गुंडाळली आणि म्हणाला, "जा." पुतणीने जादूगाराला खांद्यावर घेतले आणि आम्ही पाठ न दाखवता, एकेक पायरी मागे चढत वर आलो.

नियमाप्रमाणे संकट पार केले की गुण मिळू शकतात, मग ते तलवारीने पार केलेले असो की बोलून. पुतण्याने आम्हाला पुरते गुण दिले. भाचा खूश झाला. पुतणी मात्र जेवताना गप्प होती. भाकरी कुस्करत म्हणाली, "गुण दिले म्हणून काय झालं? आपण पळून आलो."

त्यावर आबा जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून त्यापूर्वी कधी ऐकले नव्हते. आबा मुंबईत एका कापड गिरणीत रिंगखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही, पण हळूहळू गिरण्या बंद पडत गेल्या आणि हजारो घरे उघड्यावर आली. त्या वेळी मी दहा वर्षांची होते. आम्ही मुंबईची खोली सोडून बुरोंडीला आलो एवढेच मला आठवत होते. एक ट्रंक आणि आईच्या हातातला स्टोव्ह.

आबा मुलीला म्हणाले, "दीड वर्षानं फाटकावर बोलावलं होतं मला. म्हणाले, चाळीतले पुढे पुढे करणारे कोण आहेत त्यांची नावं दे, तुला आत घेतो. नाव दिलं असतं तर नोकरी होती. नाही दिलं. खोली विकली, तुझ्या आजीच्या पाटल्या विकल्या आणि गावाला आलो. गावातले लोक विचारायचे, काय, हरून आलास? मी काय सांगणार? संप हरला असेल. पण माझी तिन्ही पोरं शाळेत गेली. आणि ज्यांची नावं मी दिली नाहीत त्यांच्या दारावरनं मी आजही मान वर करून जातो."

थोडे थांबून ते म्हणाले, "संप चुकला असं मी म्हणत नाही. उभं राहायला पाहिजेच होतं. पण उभं राहायचं म्हणजे तिथंच मरायचं, असं कोणी सांगितलंय?"

हे सारे पुतणीच्या मनात कुठे जाऊन रुजले ते आम्हाला चार दिवसांनी कळले. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तेव्हा विक्रोळीला एकटाच होता. २०१९ मध्ये त्याने कर्ज काढून प्रवासी गाडी घेतली होती. टाळेबंदीत गाडी उभी राहिली. खोलीचे भाडे अनामतीतून कापले जात होते, हप्त्यांचे ओझे डोक्यावर होते, आणि आजूबाजूला रोज आजाराच्या बातम्या. गावाला ये म्हणून मी त्याला कितीदा सांगितले होते. त्याचे उत्तर एकच. "गाडी विकून आलो तर लोक म्हणतील हरून आला." बापाचेच वाक्य मुलाच्या तोंडी आले होते, आणि बापाने त्या वाक्याखाली काय काय भोगले हे मुलाला ठाऊक नव्हते.

वादळानंतर फोन लागायचा तो फक्त वर सड्यावर गेले तर. पुतणी भावाबरोबर तिथे गेली. तिने फोन लावला आणि म्हणाली, "पप्पा, गाडी म्हणजे तलवार आहे. ती देऊन टाका आणि तुम्ही या." माझ्या भावाला त्यातले अक्षर कळले नाही. मग पुतण्याने फोन घेऊन ड्रॅगनपासून गिरणीच्या फाटकापर्यंत सगळी हकीकत सांगितली. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. "आबा असं म्हणाले?" एवढेच त्याने विचारले.

पुढच्या महिन्यात त्याने ओळखीच्या एकाला गाडी विकली, कर्जाचा मोठा भाग फेडला आणि पास काढून गावाला आला. चौदा दिवस शाळेच्या त्याच खोलीत राहिला. पुतणी रोज खिडकीबाहेर उभी राहून त्याच्याशी बोलायची. त्या पावसाळ्यात बाप-लेकांनी मिळून घराची कौले पुन्हा घातली. २०२१ मध्ये तो मुंबईला परत गेला. दोन वर्षे दुसऱ्याची गाडी चालवली आणि २०२३ मध्ये जुनी का होईना, स्वतःची गाडी घेतली. हे सगळे एका खेळामुळे झाले असे मी म्हणणार नाही. माझे, वहिनीचे, परिस्थितीचे सांगणे त्यात होतेच. पण जी गोष्ट आबांना अडतीस वर्षे सांगता आली नव्हती ती त्या रात्री बाहेर पडली, आणि ती बाहेर पडायला कागदावरचा एक ड्रॅगन निमित्त झाला.

वाचकहो, जिंकता येणार नाही असा प्रसंग प्रत्येक घरावर कधी ना कधी येतो. आजार येतो, कर्ज येते, कारखाना बंद होतो, वादळ येते. अशा वेळी 'लढ' म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि 'सोडून दे' म्हणणारेही पुष्कळ. त्या रात्री मला जे दिसले ते या दोन्हींपेक्षा वेगळे होते. आम्ही पैसा दिला, औषध दिले, तलवार दिली. माणूस दिला नाही आणि दुसऱ्याचे नाव दिले नाही. कोणती वस्तू सोडायची आणि कोणती प्राण गेला तरी सोडायची नाही, याची यादी संकटाच्या तोंडाशी करायला वेळ मिळत नाही. ती आधी मनात तयार लागते. खेळात ती यादी मुलांच्या हातून तयार होते, आणि तिथे चुकले तरी खऱ्या आयुष्यात कोणाचे काही जात नाही.

ज्यांना घरी हा खेळ मांडायचा असेल त्यांनी महागड्या साहित्याच्या मागे लागू नये. मूलभूत नियम प्रकाशकांनी इंग्रजीत विनामूल्य उपलब्ध करून दिलेले आहेत. घरातल्या शिकलेल्या मुलामुलीने ते वाचून मराठीत सांगावेत. वीस बाजूंचा फासा नसेल तर एका डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या घालाव्यात आणि दर वेळी काढलेली चिठ्ठी परत टाकावी. तीन-चार माणसे पुरेत, त्यात एक म्हातारे माणूस जरूर असावे. सूत्रधाराने एक पथ्य पाळावे. प्रसंग कितीही अवघड असला तरी बाहेर पडायची एक वाट ठेवावी, आणि खेळणाऱ्यांनी तिसरीच वाट काढली तर ती मोकळ्या मनाने मान्य करावी. आणि मुले जेवताना तोंड पाडून 'आम्ही पळून आलो' म्हणाली, तर मोठ्यांनी त्यांना एवढेच विचारावे, "सगळे आलात ना?"